धक्क्याचा धक्का

मामांच्या ट्रॉलरला दोन्ही अंगांनी मोटारीचे जुने टायर टांगलेले असत. ते बुडणाऱ्यांसाठी असावेत, असा माझा लहानपणी समज होता. बेळगावच्या मुलाला समुद्राचे ज्ञान ते किती असणार! त्यांचे खरे काम मला कळले ते गेल्या मेअखेरीस, कारवारच्या बैतखोल बंदरात, आणि तेही शिवी खाऊन.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते. त्यामुळे मेअखेर सगळ्या होड्या एकदमच परततात. धक्क्याला जागा अपुरी. मग एकीला दुसरी, दुसरीला तिसरी अशा कुशीला कूस लावून बांधतात. आमची होडी शेजारणीकडे इतकी सावकाश सरकत होती की मी मदत म्हणून पाय पुढे केला. तांडेल ओरडला आणि मला कॉलर धरून मागे ओढले. दुसऱ्या क्षणी त्या जागी टायर चेपून निम्मा झाला.

रात्री वहीत गणित मांडले. होडी १० टनांची धरू. वेग सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे रमतगमत चालणाऱ्याहूनही कमी. गतिज ऊर्जा १२५० ज्यूल. लाकडाला लाकूड भिडून ती १ सेंटिमीटरात थांबली, तर सरासरी बल पावणेतेरा टनांच्या वजनाइतके! टायर चेपत १० सेंटिमीटरांत थांबली, तर तेच सव्वा टनावर येते. टायर ऊर्जा नाहीशी करीत नाही. थांबायला अंतर देतो, एवढेच. (सव्वा टनही माझ्या पायाला पुष्कळच होता.)

पण धक्का एकदाच बसतो. घासणे रात्रभर चालते. प्रत्येक होडी लाटेवर आपल्या तालाने डुलते. दोर सैल असले तर होड्या पुढे-मागे सरकतात, म्हणून तिरपे दोरही बांधावे लागतात. टायर होडीच्या सर्वांत फुगीर भागाशी, दुसरीच्या कडेला नेमका भिडेल अशा उंचीवर हवा. पक्क्या धक्क्याशी तर भरती-ओहोटीप्रमाणे ही उंची बदलत राहते. टायरला वाळू चिकटली की तो रक्षक न राहता कानसच होतो. लाकडी होडीचा पाण्याखालचा रंग खरवडला गेला, की उघड्या लाकडात पोखरणारे किडे शिरतात; फायबरच्या होडीचा वरचा थर फुटला, तर आत पाणी मुरते. रंगाच्या एका ओरखड्यासाठी मामा एवढे का चिडतात, ते आता समजले.

टायरचे काळे डाग मात्र पडतातच. हौशी लोकांच्या पांढऱ्या बोटींना म्हणून हवा भरलेले फेंडर लावतात. मामांना ते परवडत नाहीत. फुकटचा टायर फाटला तर दुसरा मिळतो.

टायरमध्ये पाणी साचून तो जड होऊ नये, म्हणून तळाशी भोक पाडतात. ते काम दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले. बारांपैकी एका टायरचे भोक मी वरच्या बाजूला पाडले.