आश्रय आहे, कायदा नाही

भारताने परागंदा माणसांना थारा दिला नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या सुमारे एक कोटी लोकांना आपण सांभाळले; तिबेटी निर्वासितांची वसाहत आपल्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावलाही आहे. पण हा थारा हक्काचा नाही, मर्जीचा आहे. १९५१च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही. १९४६चा परकीय नागरिक कायदा जीव वाचवायला आलेला आणि व्हिसा संपूनही राहिलेला यांत फरक करत नसे. २०२५च्या नव्या कायद्यानेही ‘निर्वासित’ कोण, हे सांगितलेले नाही. त्यामुळे तिबेटी माणसाला सरकारी नोंदणीपत्र मिळते, तर म्यानमारहून आलेल्या रोहिंग्याच्या हाती संयुक्त राष्ट्रांचे ओळखपत्र असते आणि ते आधार कार्डाच्या जागी चालत नाही. मग बँकेचे खाते अडते, भाड्याची खोली अडते, आणि अटकेची भीती तर रोजचीच.

सुरक्षेचे काय, हा प्रश्न रास्त आहे. सीमेवरून कोण येतो हे सरकारला कळलेच पाहिजे. मात्र नोंदणी, चौकशी आणि नकाराविरुद्ध दाद मागण्याची सोय कायद्यात असेल, तर माणसे लपण्याऐवजी स्वतःहून पुढे येतील. घटनेच्या २१व्या कलमातील जीविताच्या हक्काचे संरक्षण परक्यांनाही आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये चकमा निर्वासितांच्या खटल्यात स्पष्ट केले. तरीही प्रत्येक कुटुंबाने त्यासाठी न्यायालयाची पायरी चढायची, ही अपेक्षा मला क्रूर वाटते.