सहा रोबो, एक कॅमेरा

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये १९९२ साली एका शाळेच्या जिममध्ये 'फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन' सुरू झाली. या स्पर्धेच्या २०२५च्या 'रीफस्केप' या खेळात सामना अडीच मिनिटांचा होता. पहिले १५ सेकंद रोबो स्वतःच्या प्रोग्रॅमवर धावायचे, मग सूत्रं विद्यार्थ्यांच्या हाती.

तीन-तीनच्या दोन आघाड्या, म्हणजे मैदानात एकाच वेळी सहा रोबो. या धुमश्चक्रीत कोणत्या रोबोचा हात नेमका कुठे अडला, हे नुसत्या डोळ्यांनी टिपणं फार अवघड. म्हणून अनेक संघ सामन्यांचं चित्रण पुन्हा पुन्हा बघतात. अधिकृत प्रक्षेपणाची मोठी सोय म्हणजे घड्याळ आणि गुणफलक चित्रातच असतात. गुण कोणत्या क्षणी वाढले, ते लगेच कळतं. पण कॅमेरा एका रोबोवर झूम झाला की बाकीचे पाच गायब! अख्खं मैदान दाखवणारं चित्र मिळत असेल, तर अभ्यासासाठी तेच घ्यावं.

रेकॉर्डिंगला 'ओबीएस स्टुडिओ' हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. फाइल मात्र एमकेव्ही प्रकारात ठेवावी. लॅपटॉप मध्येच बंद पडला तरी तोवरचं चित्रण वाचतं. साध्या एमपी४ मध्ये अख्खी फाइल हातची जाऊ शकते.