पुस्तक उघडें ठेवून परीक्षा

परीक्षेच्या दालनांत विद्यार्थ्यापाशीं पुस्तक सांपडणें हा आजवर गुन्हा मानला जात आला. तेंच शाळेनें आपण होऊन त्याच्या हातीं द्यावें, ही कल्पना पुष्कळ आईबापांस विलक्षण वाटेल. परंतु केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानें २०१४ सालीं नववी व अकरावीच्या वर्गांत ती अमलांत आणून पाहिली. निवडक उतारे कांहीं महिने आधींच मिळत आणि प्रश्न त्यांच्या आधारें विचारले जात. २०१७-१८ पासून हा प्रयोग बंद झाला; मुलांची चिकित्सक बुद्धि त्यानें वाढत नाहीं, असें दिसून आलें होतें. यांत नवल तें काय? प्रश्न ‘कारणें द्या’ एवढाच असेल, तर मुलगा पुढच्या पानांतील ओळी उतरून काढणारच. घोकंपट्टी गेली, नक्कल आली!

२०२२ च्या नोव्हेंबरांत चॅटजीपीटी सर्वांस खुलें झाल्यापासून तर घरून आणलेला निबंध मुलाचा कीं यंत्राचा, हें ठरविणेंही कठीण झालें आहे. म्हणून पाठांतर टाकाऊ, असें मात्र नव्हे. ज्याला पाढे येत नाहींत, त्यास यंत्राची चूक ओळखूं कशी येणार? बदलावयाचा आहे तो प्रश्न. अवर्षणाचीं कारणें विचारण्याऐवजीं दोन तालुक्यांच्या पावसाचे व विहिरींचे आंकडे देऊन, टँकर आधीं कोठें धाडावा व कां, असें विचारावें. आणि उत्तरावर पांच मिनिटें तोंडी उलटतपासणी करावी, म्हणजे उसनवारी उघडी पडते.

नववीसाठीं २०२६-२७ पासून पुस्तकासह परीक्षेस मंडळानें पुन्हां संमति दिली आहे. पन्नास मुलांच्या वर्गास अशा तोंडी परीक्षेसाठीं चार तासांहून अधिक वेळ लागतो, आणि तो वेळापत्रकांतून कोठून काढावयाचा, हें मुख्याध्यापकांस आधींच ठरवावें लागेल.