अस्तर धरत नाही म्हणजे काय?

‘पिशवी चांगली आहे, पण अस्तर धरत नाही.’ मैत्रिणींनो, हे वाक्य अलीकडे आमच्या अंजनगाव सुर्जीत हळदीकुंकवापासून बचत गटाच्या बैठकीपर्यंत कुठेही कानावर पडतं. सांगणारी बहुधा सासू असते, नाहीतर नणंद. जिच्याबद्दल बोलणं चाललेलं असतं ती खाली मान घालून बसलेली असते, जणू तिच्या हातून काही फुटलं आहे. मी डॉक्टर नाही, बी. ए. झालेली गृहिणी आहे. पण बचत गटाच्या निमित्ताने घरोघरी जाणं होतं, अशा दोन-चार मुलींसोबत पहाटेच्या एसटीने अमरावतीच्या दवाखान्यात जाऊन बसले, डॉक्टरांना विचारलं, मिळेल ते वाचलं. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. अस्तर नीट नसणं हा दरवेळी त्या मुलीच्या शरीराचा दोष नसतो. मूल व्हावं म्हणून जी औषधं देतात, कधी कधी त्यांचाच तो परिणाम असतो.

अस्तर म्हणजे गर्भाशयाचा आतला मऊ थर. दर महिन्याला तो नव्याने तयार होतो आणि गर्भ राहिला नाही की पाळीवाटे गळून जातो. पाळी संपते तेव्हा तो जेमतेम २ ते ४ मिलिमीटर असतो. मग इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन त्याला वाढवतं आणि अंडं फुटायच्या सुमारास तो साधारण ८ ते १२ मिलिमीटर होतो. अंडं फुटलं की प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन कामाला लागतं. ते जाडी फारशी वाढवत नाही, पण अस्तराला गर्भ धरण्याजोगं करतं. असं तयार अस्तर महिन्यातले मोजकेच दिवस असतं, अंडं फुटल्यानंतरच्या सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास.

बाईला शेताची उपमा दिलेली मला मुळीच आवडत नाही. त्या उपमेने आपलं फार नुकसान केलं आहे. शेत पडीक म्हणायचं आणि दुसरं बघायचं, इतकं सोपं होऊन बसतं. पण शेतातला एक शब्द इथे अगदी बरोबर बसतो, तो म्हणजे वाफसा. पाऊस पडला म्हणून लगेच कोणी पेरायला जात नाही. चिखलात पेरलं तरी वाया, जमीन वाळल्यावर पेरलं तरी वाया. अस्तराचाही असाच वाफसा असतो आणि हार्मोनच्या औषधांनी तो पुढे-मागे होतो.

सगळ्यांच्या ओळखीच्या गोळीपासून सुरुवात करू. अंडं तयार व्हावं म्हणून पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस क्लोमिफेनची गोळी देतात. ही गोळी इस्ट्रोजेनचा परिणाम अडवते. त्यामुळे मेंदूला वाटतं इस्ट्रोजेन कमी पडलं, आणि तो अंडाशयाला जोरात कामाला लावतो. पण तीच अडवणूक अस्तरातही होते. म्हणून काही जणींचं अंडं छान वाढतं आणि अस्तर मात्र पातळ राहतं. सोनोग्राफी न करता, मेडिकलवाल्याकडून आणून, महिन्यामागून महिने ही गोळी घेणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांना हे कोण सांगणार?

दुसरी गोळी लेट्रोझोल. ती शरीरातून लवकर निघून जाते, अस्तराला तिचा त्रास कमी. आपल्या देशात वंध्यत्वासाठी तिच्या वापरावर २०११ मध्ये बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठली. त्याआधी २०१४ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला होता. पीसीओएस असलेल्या ७५० स्त्रियांमध्ये लेट्रोझोल घेणाऱ्या २७.५ टक्के जणींना मूल झालं, क्लोमिफेन घेणाऱ्या १९.१ टक्के जणींना. यातलं कोणतं औषध आपल्याला, हे डॉक्टरच ठरवतील, पण विचारायला आपल्याला काय हरकत आहे?

टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात तर गोष्ट आणखी पुढे जाते. तिथे एकाच वेळी आठ-दहा अंडी तयार व्हावीत म्हणून रोज इंजेक्शनं देतात. एक अंडं वाढताना जेवढं इस्ट्रोजेन असतं त्याच्या कितीतरी पट ते होतं, कधी प्रोजेस्टेरॉनही वेळेआधी वाढू लागतं. अस्तर दिसायला जाडजूड, पण वाफसा निघून गेलेला! गर्भ तयार, आणि त्याला धरणारं कोणी नाही.

ही अडचण पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाच्या आधीपासूनची आहे. इंग्लंडच्या स्टेप्टो आणि एडवर्ड्स यांनी सुरुवातीला अशीच इंजेक्शनं देऊन अंडी काढली, पण गर्भ टिकेना. शेवटी त्यांनी इंजेक्शनं सोडली, नैसर्गिक पाळीतलं एकच अंडं घेतलं आणि २५ जुलै १९७८ रोजी लुईस ब्राऊन जन्मली. त्यानंतर ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नाने दुर्गा जन्मली. त्यांची युक्ती वेगळी होती. त्यांनी इंजेक्शनं दिली, अंडी काढली, पण तयार झालेला गर्भ त्याच महिन्यात आत सोडला नाही. तो ५३ दिवस गोठवून ठेवला आणि पुढे औषधांचा परिणाम ओसरलेल्या पाळीत सोडला. इतकं साधं आणि इतकं पुढचं! सरकारी समितीने त्यांना खोटं ठरवलं, १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. गोठवलेल्या गर्भातून जन्मलेलं बाळ जगाने मान्य केलं ते १९८४ मध्ये, ऑस्ट्रेलियातलं. ‘एक डॉक्टर की मौत’ हा १९९० चा सिनेमा काहींना आठवत असेल, तो त्यांच्याच आयुष्यावरून सुचलेला.

आपल्या मुंबईचा इथे संबंध येतो. ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या कामातून हर्षा जन्मली, भारताचं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ म्हणून तिचं नाव झालं. पुढे आनंद कुमारांनी मुखर्जींचे कागद स्वतः तपासले आणि १९९७ मध्ये जाहीरपणे सांगितलं की पहिला मान मुखर्जींचा. स्वतःच्या नावावर असलेला मान असा दुसऱ्याला देणारी माणसं किती असतात?

हे सगळं मी एका घरात बसून सांगितलं होतं. सून दोन वर्षं उपचार घेत होती, दागिने गहाण पडले होते. डॉक्टरांनी अंडी काढली आणि म्हणाले, यावेळी गर्भ सोडायचा नाही, गोठवून ठेवू, अस्तर तयार झालं की या. झालं, घरात भडका उडाला. सासूबाई म्हणाल्या, ‘‘पैसे घेऊन ठेवले अन् आता म्हणते नंतर या! असं कुठी राह्यते काय?’’ दिरासमोर दुसऱ्या सोयरिकीचा विषयही निघाला. पोरगी मला बाजूला घेऊन हळूच विचारते, ‘‘ताई, गोठवलेलं जित्तं राहीन काय जी?’’ गर्भ द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर ठेवतात. मी सासूबाईंना विचारलं, जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर त्या वाफा निघणाऱ्या टाकीतून नळी काढून गाय भरवतात, ती टाकी पाहिली ना? तीच थंडी. त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘‘हो मंग, आपली जर्सी तशीच गाभण राह्यली होती.’’ सोयरिकीचा विषय त्या दिवसापुरता तरी मिटला. दोन महिन्यांनी गर्भ सोडला. राहिला नाही. गोठवलेले आणखी दोन आहेत आणि घरची माणसं आता पुढची तारीख धरून चालली आहेत.

गोठवणं प्रत्येकीला हवंच असंही नाही. पीसीओएस असलेल्या स्त्रियांच्या २०१६ मधल्या चीनमधल्या अभ्यासात गोठवलेल्या गर्भातून ४९.३ टक्के जणींना मूल झालं, ताज्यातून ४२ टक्के. इंजेक्शनांनी अंडाशय सुजण्याचा धोकाही बराच कमी झाला. पण पाळी नियमित असलेल्यांमध्ये २०१८ च्या दोन मोठ्या अभ्यासांत असा फरक दिसला नाही.

आता एक आपल्या घरातली गोष्ट. महालक्ष्म्या आल्या, घरात लग्न निघालं की पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली जाते. ती गोळी प्रोजेस्टेरॉनच्याच जातीची असते. उपचार चालू असलेल्या मुलीने ती डॉक्टरांना न सांगता घेतली तर अस्तराचं सगळं गणित बिघडतं, महिना वाया जातो, केलेला खर्चही. तसंच गर्भ सोडण्याआधी दिलेल्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं. गर्भ सोडायचा दिवस त्यांच्या पहिल्या डोसापासून मोजलेला असतो. घरी पाहुणे आले म्हणून डोस चुकवण्यातला तो प्रकार नव्हे. सासूबाईंनो, तेवढं तिला मोकळं ठेवा!

औषधांशिवायही अस्तर पातळ राहण्याची कारणं आहेत. वारंवार क्युरेटिंग झालेलं असणं हे एक, आणि गर्भाशयाचा क्षयरोग हे दुसरं. या क्षयाला खोकला असतोच असं नाही, तपासलं नाही तर कळत नाही. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. ७ मिलिमीटरपेक्षा पातळ अस्तर असेल तर शक्यता कमी होते, संपत नाही. तशातही बाळं झालेली आहेत. आणि हो, सुनेच्या दहा सोनोग्राफ्या करण्याआधी मुलाची एक तपासणी करून घ्या. ती स्वस्त असते आणि दुखत नाही.

२०२१ च्या कायद्याप्रमाणे अशा प्रत्येक केंद्राची नोंदणी असावी लागते, पैसे भरण्याआधी ती विचारा. गर्भ दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात, ठेवण्याचा खर्च निराळा पडतो, तो आधीच लिहून मागा. दरवेळी अस्तर किती मिलिमीटर आलं ते फाइलवर लिहून घ्या. संमतीच्या कागदावर सही करायची असते, तो इंग्रजीत असेल तर मराठीतून समजावून मागा. नवऱ्याने वाचला म्हणजे आपण वाचला असं होत नाही.