मांजराची ॲलर्जी की राखेचा त्रास? घरातले मांजर सोडण्याआधी हे वाचा

नाशिक : सकाळी उठताच सात-आठ शिंका, डोळ्यांना खाज, नाक बंद. एकलहरेत असे झाले की पहिले बोट औष्णिक वीज केंद्राच्या राखेकडे जाते. घरात मांजर असेल तर दुसरे त्याच्याकडे. मग घरातले कोणीतरी सुचवते, 'पंधरा दिवस मांजर दुसरीकडे ठेवून बघू.' हा प्रयोग फसवा आहे.

ॲलर्जी केसांची नसतेच

मांजराच्या लाळेत आणि त्वचेच्या तेलग्रंथींत 'फेल डी १' नावाचे प्रथिन तयार होते. मांजर अंग चाटते, लाळ केसांवर वाळते आणि तिचे सूक्ष्म कण तासन्‌तास हवेत तरंगतात. गादी, पडदे, सोफा यांत ते मुरतात. मांजर गेल्यावरही त्यांचे प्रमाण उतरायला चार ते सहा महिने लागू शकतात. त्यामुळे पंधरा दिवसांत शिंका थांबल्या नाहीत, म्हणून मांजर निर्दोष ठरत नाही. थांबल्या तरी कदाचित वाऱ्याची दिशा बदललेली असेल!

मग कळणार कसे?

त्वचेवर अर्काचा थेंब ठेवून हलके टोचतात. ॲलर्जी असेल तर १५ ते २० मिनिटांत तिथे गांधी उठते. चाचणीआधी ॲलर्जीच्या गोळ्या किती दिवस बंद ठेवायच्या, हे डॉक्टरांना विचारा. रक्ताचीही चाचणी होते. राखेने नाक-घसा चुरचुरतो, पण ती या चाचणीत दिसत नाही. कित्येकदा खरा गुन्हेगार गादीतल्या धुळीचे किडे निघतात.

मांजर ठेवायचेच असेल तर...

सर्वांत आधी झोपायची खोली मांजराला बंद. रात्रीचे सात-आठ तास श्वास तिथेच घेतला जातो. एकलहरेत खरी अडचण खिडकीची आहे. उघडली तर राख, बंद ठेवली तर मांजराचे कण आतच. इथे हेपा फिल्टरचा एअर प्युरिफायर दोन्हींवर चालतो. मात्र किंमत बघून नव्हे, खोलीचे क्षेत्रफळ मोजून घ्या. मोठ्या हॉलमध्ये छोटे यंत्र म्हणजे विजेचे बिल तेवढे वाढणार. कोरडा झाडू टाळा, ओल्या कपड्याने पुसा. चादरी, गोधड्या दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा.

मांजराला अंघोळ घातल्याचा परिणाम काही दिवसच टिकतो, हाल मात्र दोघांचेही होतात. बोक्याची नसबंदी केल्यास हे प्रथिन कमी तयार होते. 'ॲलर्जी न होणारी जात' म्हणून महागडे पिल्लू विकणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

औषधांत गोळ्या आणि नाकातला स्प्रे असतो. काही गोळ्यांनी झोप येते. शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी हे डॉक्टरांना आधीच सांगावे.

छातीत घरघर होत असेल, दम लागत असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. दमा औषधांनी आटोक्यात येत नसेल, तर मांजरासाठी दुसरे घर शोधावेच लागेल. उपाशी मरेल अशा ठिकाणी त्याला सोडणे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. मांजर गेल्यावरही सफाई काही महिने सुरू ठेवा आणि औषधे डॉक्टरांना विचारूनच बंद करा.