तांब्यातल्या चिठ्ठ्या

"साहेब, ललाटी लिहिलं असलं तर आकडा लागतोच की!" पेरणीच्या तोंडावर एका ओसरीवर मला हे ऐकायला मिळालं. खतासाठी दोन शेळ्या विकल्या होत्या. निम्मे पैसे मटक्यात गेले. कारभारीण दाराआडून ऐकत होती.

मी वाद घातला नाही. तिच्याकडून तांब्या मागितला, शून्य ते नऊ अशा दहा चिठ्ठ्या आत टाकल्या आणि एक काढून मुठीत धरली.

"आकडा ठरला. आता ब्रह्मदेवालाही बदलायचा नाही. सांगा कोणता?"

"पंजा! चार दिवस फुटला नाही."

निघाली दुरी. मूठ मिटली तेव्हाच ती ठरली होती, पण वाचता आली का? ठरलेलं असणं वेगळं आणि आपल्याला कळणं वेगळं. शिवाय तांब्याला कालचं आठवत नाही. पंजाचा वाटा रोज दहात एक, मग स्वप्नात नाग दिसो की म्हैस.

बरं, लागला तर रुपयाला नऊ. दहाही आकड्यांवर रुपया-रुपया लावा: दहा गेले, नऊ आले. जोड्या शंभर, भाव नव्वद, गत तीच. लिहिलेलं काही असेल तर ते बुकीच्या वहीत!

गंमत अशी, की हे रोप कापसातूनच उगवलं. न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराचे उघडते आणि बंद भाव मुंबईला येत, त्यांवर पैजा लागत. ते थांबल्यावर १९६२ साली कल्याणजी भगत यांनी वरळीत आणि १९६४ साली रतन खत्री यांनी मटका सुरू केला. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द त्या भावांचेच. भाव निदान पीकपाण्यावर हलायचे. इथे तीन पत्ते ओढायचे आणि बेरजेचा शेवटचा अंक घ्यायचा. त्यात कसला आलाय अभ्यास?

"मग शेती जुगार नाही का?" त्याने विचारलं.

प्रश्न खोटा नव्हता. पाऊस माझ्याही हाती नाही. पण सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले आणि साठच उगवले, तर पेरणीआधीच बियाणं वाढवता येतं. चिठ्ठीचं तसं काय करणार?

तो गप्प बसला. कारभारणीने तांब्या उचलला, चिठ्ठ्या चुलीत टाकल्या आणि उरलेल्या पैशांसाठी हात पुढे केला. दुसऱ्या दिवशी दोघं खताच्या दुकानात दिसले. हव्या होत्या दोन गोण्या, घेतली एक.