पीस, पिको आणि प्रचाराचा टी-शर्ट

पालममधल्या एखाद्या जुन्या घरातली पत्र्याची पेटी उघडली, की वरच्या थरात आहेर निघतो. प्लॅस्टिकच्या पिशवीतले शर्टपीस-पँटपीस, घडी न मोडलेले टॉवेल, दोन-चार टोप्या. त्याखाली ओटीत आलेले ब्लाउजपीस. काहींच्या घडीला अजून हळदीकुंकवाचं बोट लागलेलं. तळाशी जुन्या लुगड्यांचं बोचकं. गेल्या काही वर्षांत या पेटीत आणखी एक थर येऊन बसला आहे आणि तो ओढला की लांबतो. खत-बियाण्यांच्या कंपन्यांनी वाटलेले, गणेश मंडळांनी छापून घेतलेले, निवडणुकीच्या प्रचारात मिळालेले टी-शर्ट आणि बाजारातून किलोवर आणलेले होजियरीचे तुकडे.

परभणी जिल्ह्यात, गंगाखेड आणि लोह्याच्या मध्ये वसलेल्या या तालुक्याच्या गावी हौसेनं कापड जमवायची चाल नव्हती. कापड जमलं ते न मागता. लग्नात, बारशाला, वास्तुशांतीला आलेलं. परत कुणाला तरी द्यायचं म्हणून ठेवलेलं. आपणच दिलेला पीस चार घरं फिरून पुन्हा आपल्याच ओटीत पडल्याचा विनोद इथल्या बायकांना सांगावा लागत नाही. प्रश्न असायचा तो एवढाच, की या फिरत्या कापडाला कात्री कधी लागायची.

पन्नास वर्षांपूर्वी कात्री लवकर लागे, कारण कापडच कमी होतं. १९७२ म्हटलं, की परभणी जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना दुष्काळी कामं, सुकडी आणि मिलो ज्वारी आठवते. त्या काळात लुगड्याला दंड घालणं ही घरोघरची गोष्ट होती. नऊवारी लुगडं बसण्या-उठण्याच्या जागी विरायचं. तो विरलेला भाग कापून काढायचा आणि उरलेली धड टोकं हातशिलाईनं जोडायची. हे दंड घातलेलं लुगडं आणखी एखादं वर्ष निघे. मग त्यातून बाळाचं दुपटं, झबलं, टोपडं. अगदीच धडुतं झालं, की गोधडीच्या पोटात. सुती कापडाला असं ठरलेलं मरण होतं, त्यामुळे पेटी कधी फुगली नाही.

ती फुगवली टेरिकॉटनं. सत्तरच्या दशकात आणि त्यानंतर टेरिलीन, टेरिकॉट, पॉलिस्टर गावोगाव पोहोचलं. हे कापड फाटेना, विटेना. घाम शोषत नसल्यानं दुपट्याच्या कामाचं नाही आणि जाड असल्यानं गोधडीतही सुईला जड. आहेरात मात्र तेच येऊ लागलं, कारण दिसायला झकपक आणि दराला परवडणारं. पेटीतले कित्येक पँटपीस त्या काळापासून तसेच पडून आहेत.

शिलाई मशीन गावात नवी नव्हती. सिंगरची यंत्रं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच हिंदुस्थानात आली होती आणि यंत्रांवर एवढी टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मध्ये सिंगरच्या मशीनला अपवाद म्हणून सवलत दिली होती. पण मशीन बराच काळ शिंप्याच्या दुकानात राहिली. परंपरेनं शिंपी संत नामदेवांचं जन्मगाव मानलेलं नरसी हे १९९९ मध्ये हिंगोली वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होतं. तेव्हा शिंपीकामाचा मान या मुलखात जुना. घरात मशीन आली ती हळूहळू: कधी मुलीच्या लग्नात उषा किंवा लुधियानाची रिटा, कधी जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाच्या ९० टक्के अनुदानाच्या योजनेतून. परभणीच्या कृषी विद्यापीठात १९७६ मध्ये गृहविज्ञान महाविद्यालय सुरू झालं आणि वस्त्रशास्त्र हा पदवीचा विषय झाला. पालमच्या बहुतेक बायका मात्र शिकल्या त्या कुणाच्या तरी ओसरीवरच्या शिवण क्लासात, वर्तमानपत्रावर मुंढ्याचा आकार काढून. महाराष्ट्रभर चालणारं झारापकरांचं कटिंगचं पुस्तक ज्या बाईंकडे असे, त्यांच्या क्लासला वजन असे.

या क्लासात विणलेल्या, म्हणजे होजियरीच्या, कापडाचं नावही निघत नसे. ते गंजीफ्रॉकचं कापड, कारखान्याचं काम. गंजीफ्रॉक हा शब्दच मुळी इंग्लंड-फ्रान्समधल्या खाडीतल्या गर्न्सी बेटावरून आलेला. तिथल्या कोळ्यांच्या विणलेल्या अंगरख्याला गर्न्सी फ्रॉक म्हणत. शेजारचं बेट जर्सी, त्यानं दुसरा शब्द दिला. हिंदुस्थानात पहिला होजियरी कारखाना १८९३ मध्ये कोलकात्याच्या खिदिरपूरला निघाला. तिरुपूरमध्ये १९२५ च्या सुमारास बनियन विणायला सुरुवात झाली आणि १९७८ नंतर तिथून परदेशी निर्यात वाढत गेली. पालमच्या काळ्या रानात पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिकला. मानवत, सेलूच्या जिनिंगमध्ये तो सरकीपासून वेगळा झाला, गाठी बांधून बाहेर गेला. बनियन होऊन परत आला तेव्हा त्यावर भलत्याच गावाचं नाव होतं.

तयार कपड्यांनी घरची शिलाई संपवली, असं सरसकट म्हटलं जातं. पालमसारख्या गावापुरतं ते अर्धंच खरं. नव्वदीनंतर शर्ट, पँट, पोरांचे कपडे रेडिमेड झाले खरे, पण घरातल्या घरात घालायचे कपडे मशीनवरच राहिले. गाऊन हे त्याचं ठळक उदाहरण. नायलॉनची साडी नेसून चुलीपुढे बसण्यापेक्षा सुती गाऊन बरा, हे बायकांनी कुणाला न विचारता ठरवलं. सुरुवातीला वर ओढणी घेऊन, मग ओढणीही न घेता. गाऊन शिवायला सोपा, मापात फार चुकला तरी चालतो. तीन-चार ब्लाउजपीस जोडून केलेला, छाती एका रंगाची आणि घेर दुसऱ्या रंगाचा असा गाऊन म्हणजे ओटीच्या पिसांचा सर्वांत प्रामाणिक उपयोग होता.

मग लेगिंग्ज आली, टी-शर्ट आला, पोरांची ट्रॅकपँट आली. सूत तेच, पण अंगावर बसायची रीत वेगळी. पेटीत टी-शर्टांचा थर चढू लागला आणि घरच्या मशीनची पंचाईत झाली. साधी टीप म्हणजे वरचा आणि बॉबीनचा दोरा एकमेकांत अडकवून घातलेली सरळ रेघ. ती ताणत नाही, कापड मात्र ताणतं. पोरगं उकिडवं बसलं, की टीप टचकन तुटते. शिवाय १६ नंबरची टोकदार सुई होजियरीचा टाका सरकवण्याऐवजी छेदते आणि तिथून भोक पळत जातं. कापलेली कड गुंडाळी होऊन बसते ती वेगळीच.

यावरचा उपाय दुकानाच्या पाटीवरच लिहिलेला होता: ‘पिको-फॉल करून मिळेल’. साडीची किनार बांधणारी पिकोची मशीन नागमोडी टाका घालते आणि नागमोडी टाका कापडाबरोबर ताणतो. फॉल लावता लावता बायकांच्या हे ध्यानात आलं. गोल टोकाची ११ नंबरची सुई लावली, दाबपायाखाली वर्तमानपत्राची पट्टी सरकवली आणि कापड न ओढता टीप मारली, की घरचा गंजीफ्रॉकसुद्धा टिकतो. ज्यांच्याकडे साधीच मशीन होती, त्यांनी टीप मारताना कापड किंचित ताणून धरायची युक्ती काढली. ती पूर्ण भरवशाची नाही, पण चड्डीला चालते.

खरी हुशारी दिसते ती टी-शर्ट फाडताना. प्रचाराचा मोठ्या मापाचा टी-शर्ट घ्यायचा. त्याची खालची दुमड कारखान्यानं आधीच शिवलेली असते, ती उसवायची नाही. पोराच्या चड्डीची मोहरी तिथेच धरून उलट्या बाजूनं कापत वर जायचं. कंबरेला नेफा, नेफ्यात इलॅस्टिक. बाह्यांमधून तान्ह्याची टोपडी निघतात. छातीवरचं चिन्ह आणि उमेदवाराचा चेहरा येतो बैठकीच्या जागी. त्यावरून घराघरांत काय काय बोललं गेलं असेल, ते इथं छापण्यासारखं नाही.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि क्लासच्या बाईंची जागा मोबाइलनं घेतली. मराठीतून टी-शर्टचा गळा कसा लावावा हे दाखवणारे व्हिडिओ पाहून मुली शिकू लागल्या. गळ्याची पट्टी घेरापेक्षा आखूड कापायची आणि ताणत ताणत लावायची, म्हणजे गळा लोंबत नाही. ही गोष्ट जुन्या क्लासात कधी सांगितली गेली नव्हती, कारण तिची गरजच पडली नव्हती.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि कापडाची दुकानं बंद झाली. राज्यभर बचत गटांच्या बायकांनी मास्क शिवायला घेतले तेव्हा वर्षानुवर्षं फिरत राहिलेल्या सुती ब्लाउजपिसांना शेवटी कात्री लागली. इलॅस्टिक मिळेना तेव्हा टी-शर्टच्या आडव्या पट्ट्या कापल्या. अशी पट्टी दोन्ही टोकांना धरून ओढली, की आपोआप वळून गोल दोरी होते, कानाला रुतत नाही. कड गुंडाळण्याचा जो दोष शिवताना छळायचा, तोच इथं उपयोगी पडला.

त्यानंतर घरातल्या घरात घालायच्या कपड्यांना बरे दिवस आले. लोक घरात बसले होते, पोरं मोबाइलवर शाळा करत होती, इस्त्रीचा शर्ट कुणाला हवा होता? पायजमा, बर्मुडा, ढगळ टी-शर्ट हेच कपडे आणि ते पेटीतूनच निघाले. १७ सप्टेंबर २०२३ ला, म्हणजे नेमक्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत आहे. ज्यांना ही मदत मिळेल त्यांनी साध्या मशीनऐवजी नागमोडी टाक्याची मशीन मागावी, हे उत्तम. सरळ टिपेचं काम आता दुकानात कमीच येतं.

या सगळ्यात गोधडी हरली नाही, एवढं मात्र सांगायला हवं. जुने टी-शर्ट तिच्या पोटात जाऊ लागले आहेत. मऊ लागतात, पण धावदोरा घालताना सरकतात, म्हणून वर-खाली सुती साडीच हवी.

पेटीत होजियरीचा तुकडा असेल, तर कात्री लावण्याआधी तो एकदा भिजवा. सुती होजियरी पहिल्या धुण्यात उभ्यानं आटते आणि आधी शिवलेला गाऊन घोट्याच्या वर येतो. वाळवताना दोरीवर टांगू नका, ओल्या वजनानं लांबतो. बाजेवर आडवा पसरा.